डावा मागचा पाय

घोडा मागून लंगडायला लागला की जमलेले लोक त्याच्या कुल्ल्याकडे बघतात. हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे आणि तीस वर्षं मी त्यांच्यावर ओरडत आलोय. अरे बाबांनो, आधी खूर उचला. पुढचा पाय असो नाहीतर मागचा, दहातल्या आठ वेळा दुखणं खुरात असतं. पण नाही. एक म्हणणार कंबर धरली, दुसरा म्हणणार सांधा निखळला, आणि तिसरा शहाणा गरम तेल चोळायला पुढे होणार. खूर उचलायचा तर वाकावं लागतं, आणि वाकायचा सगळ्यांना कंटाळा.

एवढं तावातावाने बोलायचा खरं तर मला हक्क नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

मी दिनानाथ कर्णिक. लोक मला डॉक्टर म्हणायचे. मी दर वेळी सांगायचो की मी डॉक्टर नाही, ड्रेसर आहे, पट्ट्या बांधणारा. आणि दर वेळी ते मान डोलवून पुन्हा डॉक्टरच म्हणायचे. लढाईच्या दिवसांत मी लष्कराच्या जनावरांच्या तळावर होतो. तेव्हा कल्याण कॅम्पपासून अंबरनाथच्या अलीकडेपर्यंत जिकडेतिकडे बराकी होत्या. पुढे लष्कर गेलं, बराकींत सिंधी लोक राहायला आले, कॅम्पाचं उल्हासनगर झालं, आणि मला मोरिवलीच्या तोंडाशी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. बिऱ्हाड बदलापूरला. दवाखान्यात जायला चांगला सरळ गाडीरस्ता होता, पण मी रुळाकाठच्या पायवाटेने जायचो. अर्धा तास जास्त लागायचा. आमची कुंदा चिडवायची, "रस्ता काय चावतो का तुम्हाला?" मी म्हणायचो, धुरळा फार उडतो.

साल त्रेपन्न. कार्तिकातली अमावास्या चार दिवसांवर आली होती. सकाळी दहाच्या सुमाराला बदलापूरजवळच्या कात्रपचा चांगो भोईर दवाखान्याच्या दारात उभा. हा टांगेवाला. रोज सकाळी दोन बाबूंना मोरिवलीच्या कारखान्यात सोडायचा. त्या दिवशी टांगा रिकामा होता आणि चांगो घोडीचा लगाम धरून पायी चालत आला होता. घोडीचं नाव सारजा. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, नऊ-दहा वर्षांची, डोळ्यांनी गरीब.

"डाक्तर, हिचा पाय कोनतरी धरतंय," तो म्हणाला.

"कोण धरतंय?"

"ते दिसलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मग त्याने सगळं सांगितलं. चार दिवस हेच चाललं होतं. कात्रपहून घोडी दुडक्या चालीने मजेत निघते. वाटेत तीन जांभळी आल्या की एकदम थांबते. डावा मागचा पाय मागे ताणलेला राहतो, खुराचं टोक जमिनीवर घासतं, तो पाय पुढे म्हणून येत नाही. अंगाला घाम सुटतो, थरथरते, आणि मान वळवून आपल्याच पायाकडे बघत राहते. पाव तास गेला की काही झालंच नव्हतं असा पाय टेकते. चांगो तिथूनच तिला परत फिरवून हळूहळू घरी न्यायचा.

"चारी दिवस त्याच जागी," तो म्हणाला. "एक हात पुढं नाय, एक हात मागं नाय."

तीन जांभळी म्हटल्यावर मी हातातलं काम खाली ठेवलं. ती जागा मला ठाऊक होती. लष्कराने तळ हलवला तेव्हा म्हातारी, निकामी जनावरं गोळ्या घालून तिथेच पुरली होती. बारा घोडे. त्यांचे लगाम धरायला मी होतो. त्या तळावरची बाकीची माणसं कुठल्या कुठे पांगली आणि ही गोष्ट या मुलखात मला एकट्याला माहीत आहे, असं मी सात वर्षं समजत होतो.

"भगताला दाखवलं," चांगो पुढे म्हणाला. "भीमा भगत. त्यानं दाने टाकून बघितलं. म्हनाला, गवताच्या हाताची बाई हाय. म्हनजे चंद्री."

चंद्री ठाकरवाडीतली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. डोंगराच्या अंगाचं गवत कापून भारे विकायची. चांगोच्या घोडीला गवत तिचंच. पण गेल्या पावसाळ्यापासून कोणीतरी बघितलं होतं की भारा डोक्यावर घेऊन येताना ती त्या तीन जांभळींपाशी थांबते, भाऱ्यातला पहिला मूठभर घास उपसून जमिनीवर ठेवते, काहीतरी पुटपुटते आणि मग पुढे जाते. रोज. तेवढं लोकांना पुरलं होतं. अमावास्येला तिला कात्रपच्या पारावर आणायचं आणि उकळत्या तेलातून सुपारी काढायला लावायची, असं ठरलं होतं. हात भाजला तर ती भुताळी. मग तिला वाडीत ठेवायची नाही.

"हात कोणाचा भाजणार नाही रे?" मी म्हणालो. "तुझा नाही भाजणार?"

चांगोने सारजाच्या मानेवर हात ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. घोडी त्याचा जीव की प्राण होती आणि तो घाबरला होता.

"ती काय म्हणते?" मी विचारलं.

"ती म्हनते तिथं खाली घोडे हायेत. ते उपाशी हायेत, म्हनून घास ठेवते. आमी हसलो. घोडे काय मानसं हायेत पुरायला?"

तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी वाकून सारजाचा खूर उचलला.

खूर स्वच्छ होता. चिमट्याने चहूकडून दाबून बघितला, हातोडीने ठोकून बघितला, खिळा नाही, खडा नाही, पू नाही. हाताला गरमही लागत नव्हता. वर सरकलो. घोटा, नळी, गुडघा, मांडी. प्रत्येक सांधा वाकवून, धरून, सोडून पाहिला. सारजा शांतपणे गवत चघळत होती. मग शर्ट काढला, हाताला खांद्यापर्यंत तेल लावलं आणि मागून आत हात घातला. हे काम बघायला कोणाला आवडत नाही, चांगोनेही तोंड फिरवलं. पण पाठीच्या कण्याखालून जी मोठी रक्तवाहिनी येते ती दोन मागच्या पायांसाठी जिथे फुटते, तिथे बोटं पोचतात. उजवीकडे बोटाखाली ठोके लागत होते, चांगले भरदार. डावीकडे काही नाही. नुसती एक कडक दोरी, आणि फार वेळ वाट बघितली तर एखादी बारीक थरथर.

हात धुतला आणि चांगोला समजावून सांगितलं. शेताच्या पाटात गाळ बसतो, तशी हिच्या डाव्या पायाची रक्ताची वाट तुंबलीये. हळू चालली तर झिरपणाऱ्या रक्तावर भागतं. दौडली की पाय जास्त मागतो, मिळत नाही, आणि ठरावीक अंतर गेलं की पाय मरून पडतो. उभी राहिली की पुन्हा भरतो. "ती जागा धरत नाही, अंतर धरते," मी म्हणालो. "तुझ्या घरापासून त्या जांभळींपर्यंत जेवढं अंतर, तेवढं तिला कुठल्याही रस्त्यावर पळव, तिथे थांबेल."

"मग त्या चंद्रीचं?"

"चंद्रीचा काय संबंध? अमावास्येला मी येतो आणि सगळ्यांसमोर दाखवतो. तू एवढंच कर, चाकाच्या आऱ्याला फडकं बांध आणि जांभळींपासून घरापर्यंत चाकाचे फेरे मोज."

दुसऱ्या दिवशी तो मोजून आला. नऊशे चाळीस फेरे. मी म्हटलं, घोडी टांग्यासकट दोन दिवस दवाखान्यात राहू दे, आराम पडेल. तो पायी परत गेला.

आता सांगतो ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

मला स्वतःची खात्री करून घ्यायची होती. माझ्या दवाखान्यापासून त्या तीन जांभळी जवळ, तीनशे-सव्वातीनशे फेऱ्यांवर. माझं निदान बरोबर असेल तर दवाखान्यातून निघून, दुडक्या चालीने जांभळींवरून पुढे जायला घोडीला काहीच हरकत नव्हती. तिथे तिचं जेमतेम एक तृतीयांश अंतर भरत होतं. चार वाजता मी टांगा जोडला आणि एकटा निघालो. त्या रस्त्यावर सात वर्षांत पहिल्यांदा. ऊन होतं, रस्ता मोकळा होता, फडकं वर येत होतं, खाली जात होतं, मी मोठ्याने फेरे मोजत होतो. मोठ्याने का मोजतोय असं मनात आलं, पण आवाज कमी करवला नाही.

तीनशे अकराव्या फेऱ्याला सारजा थांबली.

डावा मागचा पाय मागे ताणलेला. खुराचं टोक धुरळ्यात. मी खाली उतरलो आणि पायाला हात लावला. बाकीचे तीन पाय घामाने ओले आणि गरम. हा कोरडा होता, आणि गार. विहिरीच्या आतल्या दगडाला हात लावावा इतका गार. चांगो म्हणाला होता की ती मान वळवून आपल्या पायाकडे बघते. आता ती पायाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

आणि मग टांगा मागे सरकला. फार नाही. फडकं वर होतं, ते अर्धा फेरा मागे येऊन खाली आलं. रस्ता तिथे सपाट आहे. घोडी जागची हलली नव्हती. मी चाकाला धोंडा लावला, आणि एक पुरेल असं वाटेना म्हणून दुसराही लावला.

"तुला वळखलं त्यानं," मागून कोणीतरी बोललं.

चंद्री होती. डोक्यावर भारा, कमरेला विळा. तिने भारा उतरवला, त्यातली मूठभर वैरण उपसली आणि मधल्या जांभळीखाली नेऊन ठेवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवसांनी जिचा हात तेलात जायचाय ती बाई निवांत घास मांडतेय.

"कोणी ओळखलं?" मी खेकसलो. "कोण आहे इथे?"

"ज्येचा पाय तू मांडीवर घेतलास त्यानं," ती म्हणाली. "मेल्यावर."

मी चाकाला टेकून खालीच बसलो. तर तिने बघितलं होतं.

त्या दिवशी गोळ्या घालायच्या जनावरांची यादी अकराची होती. बारावा एक कुमैत घोडा. सहा वर्षांचा, तांबूस, नजर लागावी असा. तो रेल्वेने दुसरीकडे जायचा होता. सकाळी दावणीतून काढला तर डावा मागचा पाय टेकेना. एकाएकी. आदल्या संध्याकाळी चांगला होता. साहेबाने मला विचारलं, गाडीत चढेल का? मी पहाटे तीनपासून उभा होतो, पोटात अन्न नव्हतं. कुल्ल्यावर हात दाबला, घोडा शहारला. मी म्हणालो, साहेब, कुल्ल्याचं हाड गेलं. खूर उचलला नाही. तो लाथ मारील म्हणून उचलला नाही, वाकायचा कंटाळा आला म्हणून उचलला नाही. साहेबाने यादीत एक आकडा वाढवला. अकराचे बारा झाले.

गोळ्या झाल्यावर बाकीची माणसं चहाला गेली आणि मी एकटा मागे राहिलो. तेव्हा मी त्याचा खूर उचलला. तळव्याच्या मधोमध जो मऊ त्रिकोण असतो, ज्याला आम्ही पुतळी म्हणतो, त्यात एक खिळा गेला होता. नालेचा नव्हे, कुठल्यातरी पेटीचा, वाटेत पडलेला. माथा वर दिसत होता. चिमट्याने उपटला असता, दोन दिवस पोटीस बांधलं असतं, की घोडा दौडला असता. मी खिळा काढला नाही. कोणी बघू नये म्हणून अंगठ्याने त्यावर माती लिंपली. मग खड्डा बुजवला.

"लोकांना सांगितलंस तू?" मी चंद्रीला विचारलं.

"घोडे हायेत म्हनून सांगितलं. सकाळची वैरण न खाता गेले म्हनून सांगितलं. तुजं नाय सांगितलं."

"का?"

सांज व्हते म्हणाली, भारा उचलला आणि गेली. अर्ध्या तासाने सारजाने पाय टेकला. मी तिला पायी चालवत परत नेलं, आणि रात्रभर एकच विचार केला, की हे कोणाला कळता कामा नये. तीनशे अकराव्या फेऱ्याला घोडी थांबली एवढं कात्रपला कळलं असतं की चंद्रीचा हात गेलाच म्हणून समजा. हे कारण खरं होतं. माझी लाज हे दुसरं कारण, तेही खरं होतं. त्यातलं मोठं कुठलं, ते मला अजून सांगता येत नाही.

अमावास्येला सकाळी आठ वाजता मी कात्रपला पोचलो. पारावर चाळीसएक माणसं होती. तीन दगडांच्या चुलीवर कढई चढली होती आणि तेलाचा वास सुटला होता. चंद्री बाजूला गुडघे जवळ घेऊन बसलेली. तिच्या शेजारी कोणी नव्हतं. चांगोच्या टांग्यातून रोज जाणारे कारकून जयदेवराव कोट घालून उभे होते. मला म्हणाले, "आमचा काही विश्वास नाही हो असल्या गोष्टींवर. पण चार लोकांचं मन राखावं लागतं. शिवाय मला रोज ऑफिसला उशीर होतोय." शिकलेल्या माणसाच्या तोंडात मारावीशी वाटते ती अशा वेळी.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. घोडी मांजर्लीच्या रस्त्याला न्या, नदीच्या अंगाला. तिकडे ना जांभळी, ना चंद्रीचं गवत. चांगो हाकेल. भगत भीमा आणि जयदेवराव टांग्यात बसतील आणि आपापले फेरे मोजतील. नऊशे ते हजारच्या मध्ये घोडी थांबेल, डावा मागचा पाय धरेल. नाही थांबली तर माझा हात घाला तेलात.

"तुमी बसत नाय टांग्यात?" भीमाने विचारलं. पन्नाशीचा, किडकिडीत, नजर सरळ ठेवून बोलणारा माणूस. मला तो लबाड हवा होता. तो लबाड नव्हता.

"मी कशाला? मी बसलो तर म्हणाल डॉक्टरने काहीतरी केलं."

मी का बसलो नाही ते फक्त चंद्रीला कळलं. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा पदराच्या टोकाला गाठ मारत बसली.

टांगा गेला आणि आम्ही थांबलो. कोणीतरी चुलीत लाकूड सारलं, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. त्याने सारलेलं लाकूड काढलं नाही. मी वेळ मोजत होतो. आता रेल्वेचं फाटक ओलांडलं असेल. आता पाचशे. आता सातशे. मधेच थांबली तर? नाहीच थांबली तर? माझं निदान शंभर टक्के बरोबर आहे असं मी छातीठोक सांगितलं होतं, आणि तीनच दिवसांपूर्वी ते माझ्याच डोळ्यांसमोर खोटं ठरलं होतं.

तास-सव्वा तासाने ते पायी परत आले. चांगो सारजाला धरून, जयदेवराव हातात कागद घेऊन.

"नऊशे पस्तीस," जयदेवरावांनी वाचलं. "डावा मागचा. उघड्या शेतात. मी हात लावून बघितला, पाय बर्फासारखा."

"माझे नऊशे अडतीस," भीमा म्हणाला. "डाक्तरचं खरं. रोग हाय."

लोक सैल झाले. चांगो सारजाच्या मानेत तोंड घालून उभा राहिला. मी कढई उतरवायला पुढे झालो, तर भीमाने हात आडवा धरला.

"एक राहिलं," तो म्हणाला. "घोडीचा पाय हिनं नाय धरला. पन ही तिथं घास कोनाला ठेवते? म्हनते घोडे हायेत. नसतील तर ही खोटं बोलते, आनि घास दुसऱ्याच कोनाला घालते. मग मला तिला सोडता येनार नाय. डाक्तर, तुमी लष्करात व्हता. तुमी सांगा. तिथं घोडे हायेत का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चंद्री सोडून सगळे. तिने एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं की ह्याला विचारा, हाच होता. तिने तोंड उघडलं नाही. तेल कढईत फुटत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आहेत," मी म्हणालो. "बारा."

"दाखवाल?" भीमा म्हणाला.

"दाखवतो."

दुपारी बाराच्या उन्हात आम्ही मधल्या जांभळीखाली खणायला लागलो. मला खोली माहीत होती. पुरुषभर खणल्याशिवाय काही लागायचं नाही, असं मी कुदळवाल्यांना सांगितलं. तिसऱ्याच घावाला कुदळ कशावर तरी आपटली. वीतभर मातीखाली.

तो खूर होता. तळवा वर आभाळाकडे. आम्ही बाजूची माती हातांनी काढली. खुराखाली घोट्याचं हाड, त्याखाली नळी, उभी सरळ, जमिनीत रोवलेल्या खांबासारखी. खाली, खाली, पुरुषभर खाली बाकीचा सांगाडा लागला. त्याच्या बाजूला दुसरे. सगळ्यांचे पाय आडवे, दुमडलेले, जसे पडले तसे. या एकाचाच डावा मागचा पाय वर आला होता. एवढ्या मातीतून वर.

मेलेल्या जनावराचे पाय ताठतात, हे मला ठाऊक आहे. खड्ड्यात लोटताना तो पाय वर राहिला असेल, हेही मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पण गोळी लागल्यावर, जीव खरंच गेला का ते डोळ्याला बोट लावून बघायचं काम माझं होतं. त्या बाराव्या घोड्याच्या डोळ्याला मी बोट लावलं होतं का? आठवायचा फार प्रयत्न केला. मला त्याचा खूर आठवतो. डोळा आठवत नाही.

मी खड्ड्यात उतरलो, खिशातला चाकू काढला आणि त्या खुराच्या तळव्यावरची माती खरवडली. ती सुटी माती नव्हती, बोटाने लिंपलेली होती, घट्ट बसलेली. खाली गंजलेला माथा दिसला. मी चिमट्याने खिळा उपटला. सात वर्षांनी तो लोण्यातून निघावा तसा निघाला. खड्ड्यात उभं राहूनच मी सगळ्यांना सांगितलं. साहेबाने काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, खूर का उचलला नाही, आणि नंतर अंगठ्याने काय केलं. दवाखान्यातून निघालेली सारजा इथे तीनशे अकराव्या फेऱ्याला थांबली होती, तेही सांगितलं. चांगो ऐकत होता. जयदेवराव घड्याळ बघायचं विसरले होते. मला रडू आलं नाही. फक्त खिळा हातात फार जड लागत होता.

भीमा खाली उतरला. त्याने तो वर आलेला पाय दोन्ही हातांनी धरून हळूच सोडवला, खाली नेला आणि बाकीच्या हाडांशी नीट आडवा ठेवला. मग आम्ही माती लोटली. चंद्रीने सबंध भारा तिथे सोडला. कढई गावात गेली आणि त्या तेलाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून कात्रपमध्ये मला कोणी डॉक्टर म्हणत नाही. ड्रेसर म्हणतात. मी तीन वर्षं घसा फोडून सांगत होतो ते त्यांना एका दुपारी पटलं.

आठवड्याने मी सारजाला पुन्हा दवाखान्यातून जोडलं. एकटाच होतो. तीनशे अकराव्या फेऱ्याला मी लगाम सैल सोडला. ती जांभळींवरून निघून गेली, कान हलवत, मान पुढे टाकून. आणि कात्रपच्या ओढ्यापाशी, बरोबर नऊशे चाळीसला, थांबली. त्या रोगाला औषध नव्हतं, अजून नाही. चांगोने दुसरा घोडा घेतला आणि सारजाला घरी ठेवलं. ती दोन वर्षं जगली, अंगणात हळूहळू हिंडत, चंद्रीचं गवत खात.

ती गेली त्या दिवशी चंद्री भारा टाकायला आली होती. आम्ही दोघं गोठ्याच्या दाराशी बसलो होतो. तेव्हा मी तिला दोन वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. तुझा हात तेलात जायचा होता. एक नाव घेतलं असतंस तर सुटली असतीस. का नाही घेतलंस?

तिने विळ्याची धार अंगठ्याने बघितली.

"तू त्येचा पाय मांडीवर घेऊन रडत व्हतास," ती म्हणाली. "एवढा मोठा बाप्या, एकटाच. त्या बारांसाठी रडनारा तू येकच व्हतास. मंग तुजं नाव कसं घेऊ?"

मी रडलो होतो हे मला माहीत नव्हतं. खिळा, माती, अंगठा, सगळं आठवत होतं, तेवढं आठवत नव्हतं. मी उठलो, आत गेलो, आणि सारजाला न्यायला माणसं यायच्या आधी तिच्या डोळ्याला बोट लावून बघितलं.